दोरावरचा ट्रंपेट

रायस्वाइक, ३० ऑगस्ट २०२०

गंधार,

'दादा' लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात पुढे सरकेना, म्हणून नुसतं नाव. नमस्कारही नाही, तो आईला सांग. फॅमिली ग्रुपवरून तू मला काढलंस, नंबर ब्लॉक केलास, ईमेल उघडत नाहीस. टपालातून मला काढणं मात्र तुझ्या हातात नाही. पोस्टमन मास्क लावून येईल आणि हे पाकीट तुझ्या दारात देऊन जाईल. न वाचता फाडलंस तर दुसरं पाठवीन. पाकिटं भरपूर आहेत आणि मला सध्या कुठे जायचं नाही.

बाबा गेले त्याबद्दल लिहीत नाही. दुःख तुलाही झालं असेल, एवढं मी मानते. विमानात जागा मिळवून, क्वारंटाइन संपवून घरी पोचेपर्यंत तेरावाही उरकला असता, हेही मला कळतं. त्याचा राग तुझ्यावर नाही. राग दहाव्याचा आहे.

बाबांच्या पिंडासमोर उभं राहून तू माझं आयुष्य एका कावळ्याला देऊन टाकलंस.

मी सगळं बघत होते. इथे उजाडतही नव्हतं, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसले होते. नदीकाठी तू, प्रमोदिनीआत्या, तिचा मधू आणि तोंडावर प्लॅस्टिकचा पडदा लावलेले गुरुजी. मधूने फोन कठड्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे अर्धा वेळ मला आत्याचा पदरच दिसत होता. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर चांगले ओळीने बसले होते. त्या महिन्यात नदीकाठी पिंडांना काय तोटा, पोटं भरलेली असणार त्यांची.

आत्या म्हणाली, "दामूचं मन कशात तरी अडकलंय. बोला रे काहीतरी." मग तुम्ही बोलायला लागलात. आईला अंतर देणार नाही. शिवला नाही. बाळासाहेबकाकांशी बोलणं सुरू करू. शिवला नाही. घराला रंग काढू, असं मधू म्हणाला. रंगाच्या वासाने बाबांना शिंकांवर शिंका यायच्या, हे तुमच्यापैकी एकालाही आठवलं नाही. गुरुजी घड्याळ बघत होते, मागे दुसरी माणसं ताटकळत उभी होती. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून मोकळे होऊ. आत्या ऐकेना.

मी इथे घसा फोडून ओरडत होते. बाबांचं मन कशात अडकलंय हे मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं. "ट्रंपेट म्हण, गंधार, ट्रंपेट तुमचाच होता म्हण." गुरुजींचे मंत्र नीट ऐकू यावेत म्हणून मधूने आम्हा सगळ्यांना म्यूट करून ठेवलं होतं, आणि ते उघडायची सोय माझ्याकडे नव्हती. माझ्या आवाजाने अद्वय उठून आला, डोळे चोळत स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, यू आर ऑन म्यूट." आजोबांच्या दहाव्याला माझा मुलगा एवढंच बोलला.

आणि मग तू हात जोडून खणखणीत आवाजात म्हणालास, "बाबा, सुमेधा परत येईल. कायमची येईल. आईजवळ राहील." तेवढ्यात कावळा खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली. आत्या रडायला लागली. मधूने फोन उचलला आणि तुम्ही तिघे माझ्याकडे असे बघायला लागलात जणू काही मी स्टॅम्पपेपरवर अंगठा उठवला होता.

बावीस वर्षं मी इथे, हेगजवळ, राहते. अद्वयची शाळा इथे आहे, माझं काम इथे आहे, वासुदेव संसार सोडून गेला तेव्हा या घराचा एकेक स्क्रू मी स्वतः लावला आहे. हे सगळं मोडायचं का नाही, हे मला कुणी विचारलं नाही. तू नदीवर परत जा आणि दिलेला शब्द मागे घे. कुणाला उद्देशून घ्यायचा ते तुझं तू बघ.

सुमेधा


रायस्वाइक, १८ ऑक्टोबर २०२०

गंधार,

तुझं उत्तर नाही. आत्याचा फोन मात्र दिवसाआड येतो. "अगं, पिंडासमोरचा शब्द आहे, तो मोडायचा नसतो." मी म्हटलं, शब्द मी दिलाच नाही. तर म्हणते, "भावाने दिला म्हणजे तूच दिलास." मी रॉटरडॅमच्या बंदरासाठी काम करते. तिथे एकाच्या नावाने दुसऱ्याने सही केली तर कंटेनर जागचा हलत नाही. आमच्या घरात सबंध बाई हलवायला निघालेत.

आईला तरी विचारलंस का? मी विचारलं. ती म्हणाली, "तू येशील आणि तुम्ही दोघं माझ्या उशाशी बसून भांडाल. तिकडून भांडता तेच बरं आहे, आवाज कमी येतो." म्हणजे जिच्यासाठी मी यायचं तिला मी नको आहे. मग कोणाला हवी आहे, ते तरी कळव.

ट्रंपेटचं मी लिहिलं तर तू आत्याला म्हणालास म्हणे, "तिचं ते जुनंच तुणतुणं." बरं. तू सोयीने विसरला आहेस, म्हणून पुन्हा वाजवते.

'खंजर घाटी'. सन छप्पन्न. घोडे, गुहा, तलवारी, आणि दरोडेखोरांच्या गुहेत का कोण जाणे माम्बो. तेव्हा मुंबईतल्या हॉटेलांत माम्बो या परदेशी नाचाचं वेड होतं, म्हणून घोड्यांच्या सिनेमातही तो घुसवला. सिनेमा आपटला. त्यातलं 'चमेली माम्बो' हे गाणं मात्र घरोघर गेलं. लग्नात, गणपतीत, इराण्याच्या हॉटेलात, सगळीकडे तेच. बाबा बावीस वर्षांचे होते आणि त्या वाद्यवृंदात ट्रंपेटवाल्यांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसायचे.

तेव्हा गाणं दोनदा रेकॉर्ड व्हायचं. एकदा सिनेमासाठी, एकदा तबकडीसाठी. तबकडीवर मोठा ट्रंपेट मुख्य वादकाचा आहे, ते बाबा कधीच नाकारत नसत. पण सिनेमात गाणं संपल्यावर नायक गुहेतून पळतो आणि दरीवर बांधलेल्या दोराला लोंबकळतो. दोराचा एकेक पीळ तुटतो आहे आणि मागे एकटा ट्रंपेट, माम्बोचीच चाल, पण संथ करून. मुख्य वादक तोवर हॉटेलच्या कामाला निघून गेला होता. संगीतकाराने शेवटच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. चार सूर वर चढतात, मग श्वासभर थांबतात, आणि शेवटचा सूर जरा उतरता लागून खाली येतो. "दोरावर मी आहे," असं बाबा सांगायचे. आयुष्यात एकदाच ते एकटे वाजले आणि ते फक्त त्या सिनेमात वाजले. सिनेमाची प्रिंट कुठे उरली नाही. तबकडी सगळ्यांकडे होती आणि तबकडीवर दोर नव्हता.

तीच त्यांची शीळ होती. शाळेत मुलांना बँड शिकवून सायकलवरून परत यायचे, पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर ते चार सूर यायचे आणि आई तवा ठेवायची. आपण हात धुवायला पळायचो. तू माझ्यापुढे पळायचास.

आता त्यांच्या पंचाहत्तरीचं सांगते. हॉलमध्ये सगळे नातेवाईक होते, बाबांच्या शाळेतले लोक होते. तू माइक घेतलास आणि 'चमेली माम्बो'ची सीडी लावलीस. बाबा खुर्चीत सरसावून बसले. गाणं संपलं. तू हात वर करून सगळ्यांना गप्प केलंस आणि म्हणालास, "आता ऐका, आमच्या बाबांचा सोलो." सगळा हॉल कान देऊन बसला. मग तू म्हणालास, "आला ऐकू? नाही? आम्हालाही इतक्या वर्षांत आला नाही." हॉल हसला. बाबाही हसले. टाळीसुद्धा दिली त्यांनी तुला.

त्यानंतर त्यांनी शीळ घातली नाही. आई मला फोनवर म्हणाली होती, "हल्ली हे बेल वाजवतात."

तू वाईट नाहीस, तुला लोकांना हसवायला आवडतं, एवढंच आहे, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. आता समजावत नाही. तो माणूस अकरा वर्षं आपल्या घराच्या दाराशी बेल वाजवून आत आला आणि तसाच गेला. कावळा कशासाठी थांबला होता असं तुला वाटतं?

सुमेधा


रायस्वाइक, २१ फेब्रुवारी २०२१

गंधार,

पोचलं तुझं पत्र. दोन ओळींचं. "त्या क्षणी जे मनात होतं तेच तोंडून गेलं. तू यावीस असं वाटत होतं."

मी ते फ्रिजला लावलं, मग काढलं, मग परत लावलं. तुला मी यायला हवं होतं तर मला सांगायचं. बाबा आय.सी.यू.त असताना तू मला रोज ऑक्सिजनचे आकडे पाठवलेस, एकदाही म्हणाला नाहीस की सुमे, मला एकट्याला जमत नाहीये. मी ऐकलं असतं. मला न सांगता तू कावळ्यातर्फे कळवलंस, वर आत्याला माझ्यावर सोडलंस. विमानं सुरू झाली का हे मी रोज बघते, ते सवयीने. त्याचा अर्थ तू काढू नकोस.

पण आज वेगळ्याच कारणासाठी लिहिते आहे. तू खुर्चीत बस आणि वाच.

माझ्या खालच्या मजल्यावर मेव्राउ रामदीन राहतात. मेव्राउ म्हणजे इथे बाई. मूळच्या सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतल्या, त्यांचे पणजोबा बिहारमधून ऊसमळ्यात कामाला नेलेले. हेगमध्ये असे पुष्कळ लोक आहेत. पंचाहत्तरी उलटली आहे, एकट्या असतात. लॉकडाउन लागल्यापासून त्यांचं सामान मी आणते, दारात ठेवते, बेल वाजवून मागे सरते. त्या दार उघडून त्यांच्या हिंदीत मला आशीर्वाद देतात आणि टोमॅटो कच्चे आणलेस म्हणून रागावतात. या वर्षभरात अद्वय सोडला तर समोरासमोर मी बोलले असेन तर त्यांच्याशीच.

दोन आठवड्यांपूर्वी इथे बर्फ होतं, लोक कालव्यावर स्केटिंग करत होते. आज एकदम ऊन पडलं. मी बाल्कनीचं दार उघडलं, झाडायला घेतलं आणि फोनवर 'चमेली माम्बो' लावलं. बाबांसाठी नव्हे. झाडताना मी तेच लावते. गाणं संपलं आणि खालून आवाज आला, "बेटी, ई गाना त आधा बा."

मी कठड्यावरून वाकून बघितलं. मेव्राउ खालच्या बाल्कनीत शाल घेऊन उन्हाला बसल्या होत्या. मी विचारलं, आधा कसं? त्या म्हणाल्या, "हम ई फिलिम देखली. पारामारिबो में." म्हणजे तिकडे सुरिनाममध्ये, चौदा वर्षांच्या असताना. बोटीने पेट्या यायच्या, एकेक सिनेमा महिनोन्‌महिने चालायचा, आणि तिथल्या पोरांना घोडे आणि तलवारी भारी प्रिय. आपल्याकडे आपटला तो सिनेमा तिथे लोकांनी डोक्यावर घेतला होता.

शपथेवर सांगते, एक सूर मी तोंडातून काढला नाही. झाडू हातात धरून एवढंच विचारलं की अर्धं म्हणजे पुढे काय होतं. त्या म्हणाल्या, मग तो हीरो रस्सीला लटकतो. रस्सी तुटत जाते. गाणं बंद होतं आणि एक भोंगा एकटाच वाजतो. "एतना दुख से बाजे कि हमार माई रोए लगली." थिएटर सुटलं की सगळी पोरं रस्त्याने तीच शीळ घालत घरी जायची, असं म्हणाल्या.

मी म्हटलं, मला घालून दाखवा.

त्या हसल्या. कवळी आहे म्हणाल्या. आत गेल्या, पाणी पिऊन आल्या. पहिल्या वेळी नुसती हवा आली. दुसऱ्या वेळीही हवाच. मग त्यांनी ओठांवर बोट दाबलं, डोळे मिटले, आणि चार सूर वर चढले. थांबले. शेवटचा सूर जरा उतरता लागला आणि खाली आला.

गंधार, गिरणीच्या कोपऱ्यावरून आला.

मी त्या बाल्कनीत खाली बसले. अद्वय धावत बाहेर आला, "व्हॉट हॅपन्ड?" करत. खालून मेव्राउ विचारत होत्या, "का भइल, बेटी?" मी रडत होते आणि त्याच वेळी मला तुझा इतका संताप आला होता की तू समोर असतास तर हातातला झाडू तुझ्या पाठीत घातला असता. ज्या बाईने आपलं घर पाहिलं नाही, बाबांचं नाव ऐकलं नाही, तिने तो ट्रंपेट साठ वर्षांहून जास्त सांभाळून ठेवला. आपण एका घरात राहून त्याचा विनोद केला.

मी त्यांना सांगितलं की तो भोंगा माझ्या वडिलांनी वाजवला होता. त्या म्हणाल्या, "तब काहे नाहीं बोललू पहिले?" मी म्हटलं, कुणाला खरं वाटत नसे. त्या म्हणाल्या, "हमसे पूछे के रहल."

विचारायला हवं होतं आम्हाला. पारामारिबोला जाऊन.

सुमेधा


रायस्वाइक, १४ मार्च २०२१

दादा,

लिहिलं बघ. अजून रागातच आहे, त्यामुळे फुगून जाऊ नकोस.

मेव्राउंनी पुन्हा शीळ घातली ती मी फोनवर रेकॉर्ड करून घेतली. तू ब्लॉक केलेलं असल्यामुळे मधूकडे पाठवली आणि त्याला सांगितलं, काही न बोलता आईसमोर लाव. काय झालं ते मला मधूने सांगितलं. तू सांगणार नाहीस हे माहीत होतं.

मधू म्हणाला, तू आईच्या खोलीत पेपर वाचत होतास. त्याने फोन टेबलावर ठेवून बटण दाबलं. शीळ वाजली. आई पलंगावरून पाय खाली सोडत म्हणाली, "गंधार, तवा ठेव." आणि तू पेपर खाली ठेवलास, स्वयंपाकघरात गेलास आणि तवा ठेवलास. गॅस पेटवून तिथेच उभा राहिलास. तवा तापून धूर निघायला लागला तरी तू वळला नाहीस, शेवटी मधूने येऊन गॅस बंद केला.

मला आधी आईची काळजी वाटली. फोन करून विचारलं, "आई, तुला खरंच बाबा आले असं वाटलं का गं?" ती माझ्यावरच उखडली. "मला काय वेड लागलंय? माणूस गेलाय, मला माहीत आहे. पण शीळ झाली की तवा ठेवायचा असतो." मग म्हणाली, "त्यालाही आठवलं बघ."

तर तुला आठवलं. तुझ्या पायांना आठवलं. तोंडाला कधी आठवणार आहे?

कारण तवा ठेवून भागणार नाही, दादा. बाबांची थट्टा तू माइकवरून केली होतीस, भरल्या हॉलमध्ये. मागे घेताना स्वयंपाकघरात पाठ करून उभं राहिलास तर ते फक्त मधूला कळलं. मला ते चालणार नाही. तू मला 'सॉरी' लिहू नकोस, माझा त्यात काही संबंध नाही. आत्याला सांग, बाळासाहेबकाकांना सांग, त्या दिवशी जे जे हसले त्यांना सांग. मेव्राउंची शीळ त्या ग्रुपवर टाक, ज्याच्यावरून मला हाकललंस, आणि खाली लिही की हा आमच्या बाबांचा ट्रंपेट आहे, सुरिनामपर्यंत ऐकू गेला होता, फक्त मला ऐकू आला नाही. शब्द असेच हवेत. बदललेस तर मला कळेल, मधू मला सगळं सांगतो.

आता माझं. मी कायमची येणार नाही. इथली बावीस वर्षं मी टाकणार नाही, आणि आत्याने पुन्हा फोन करून त्या कावळ्याचं नाव काढलं तर मी तिचं ऐकून घेणार नाही. कावळा तुझ्या शब्दासाठी खाली आला नव्हता. त्याला भूक लागली असेल, नाहीतर तो कंटाळला असेल. बाबांचं मन माझ्यात अडकलेलं नव्हतं. मी कुठे आहे, सुखात आहे, हे त्यांना ठाऊक होतं. जे अडकलं होतं ते तुझ्यापाशी होतं, अजूनही तुझ्यापाशीच आहे.

पण यायचं मी ठरवलं आहे. जमेल तेव्हा येईन, महिनाभर राहीन, आईच्या उशाशी बसून तुझ्याशी भांडेन. तू फ्रिजवरच्या दोन ओळींत ये म्हणालास म्हणून येईन. उशिरा का होईना, मला म्हणालास. अद्वयलाही आणते. त्याने ती शीळ उचलली आहे. कुत्र्याला फिरवणाऱ्या डच म्हाताऱ्यांसमोर घालत फिरतो, आणि खालून मेव्राउ त्याचा शेवटचा सूर चुकला की ओरडतात.

वर्षश्राद्धापर्यंत विमानाचं जमलं नाही तर फोन मधूकडे देऊ नकोस, तू धर. पिंड ठेवलास की आधी बोलायचं, मोठ्याने, मागे उभी असलेली परकी माणसंही वळून बघतील एवढ्या मोठ्याने: "बाबा, दोरावर तुम्हीच होतात." त्यानंतर कावळा येवो, न येवो. मी इथून शीळ घालीन.

तेव्हा मला म्यूट केलंस तर याद राख.

तुझी,
सुमे